पाण्याला सातबारा नसतो

दिवाळीची सुट्टी लागण्यापूर्वी आम्हा मास्तरांच्या पदरी सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा पडतो. स्वयंपाकघरातून भाजणीचा खमंग वास यावा आणि आपण तांबडी शाई घेऊन निबंध तपासत बसावे, हा माझा कित्येक वर्षांचा परिपाठ आहे. मागच्या वर्षी सातवीच्या वर्गाला निबंधासाठी विषय दिला होता, ‘सूर्य आपला मित्र’. मुलांनी अपेक्षेप्रमाणे लिहिले. सूर्य फुकट वीज देतो, त्याचा धूर होत नाही, कोळसा उद्या संपेल पण सूर्य संपणार नाही. हे सारे खरेच होते. मीच ते फळ्यावर लिहून दिले होते. एका मुलीने मात्र शेवटी एक वाक्य आपल्या पदरचे घातले होते. तिचे आजोळ नाथसागराच्या काठी आहे. पाण्यावर सोलरच्या प्लेटा अंथरल्या तर मामाने जाळे कोठे टाकायचे, असे तिने विचारले होते. मी त्या वाक्याखाली रेघ ओढली, समासात ‘विषयांतर’ असे लिहिले आणि अर्धा गुण कापला.

तो अर्धा गुण मला वर्षभर टोचतो आहे. पुढे वाचता वाचता माझ्या असेही ध्यानात आले, की हा शेरा मी एकट्यानेच मारलेला नाही. धरणे, वीज, कारखाने यांच्यापायी माणसांचे काय झाले, हे मराठी कादंबरीने पुष्कळ सांगितले आहे, आणि त्याबद्दल तिचे ऋण मानलेच पाहिजे. तथापि तिच्याही समासात काही माणसांपुढे हाच शब्द लिहिलेला दिसतो. त्याविषयी या अंकाच्या वाचकांशी चार गोष्टी बोलाव्यात असे मनात आहे. टीकाशास्त्राचे रीतसर शिक्षण मला नाही. कादंबऱ्या आवडीने वाचणारा आणि एकदोन लिहिण्याचे धाडस केलेला मास्तर, एवढाच माझा अधिकार.

आधी त्या मुलीच्या प्रश्नाची पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. आम्ही छत्रपती संभाजीनगरचे, म्हणजे जुन्या औरंगाबादचे लोक पाणी पितो ते पैठणहून नळाने येणारे, गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाचे. या धरणाची कोनशिला १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांनी बसविली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. धरणाची भिंत सुमारे दहा किलोमीटर लांब आहे. तिच्यामागे साठणाऱ्या पाण्याला आपण नाथसागर म्हणतो. तो सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरतो. त्याच्याखाली शंभरावर गावांची जमीन गेली. पुढे त्या पाण्यावर पक्षी येऊ लागले आणि १९८६ साली तेथे अभयारण्य झाले. पाण्याभोवती भोई, कहार अशा समाजांतली मासेमारी करणारी कुटुंबे पोट भरू लागली. गेल्या काही वर्षांत या पाण्यावर तरंगता सौर प्रकल्प उभारण्याची योजना पुढे आली आणि टीएचडीसी या सरकारी कंपनीने त्यासाठी निविदा काढली. कहार समाज पंच कमिटीने तिला आव्हान दिले. हा अभयारण्याभोवतालचा नाजूक टापू आहे, येथे असा प्रकल्प होऊ नये, असे कमिटीचे म्हणणे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०२४ साली ते मान्य केले नाही आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कमिटीचे अपील फेटाळले. नाजूक टापूच्या नियमांत अक्षय ऊर्जेला उत्तेजन द्यावे असेच म्हटलेले असते. तेव्हा वीज स्वच्छ आहे, हाच तिचा परवाना ठरला.

न्यायालयाच्या निर्णयाची चिकित्सा करण्याचे हे स्थळ नव्हे आणि ती माझी योग्यताही नाही. मला एवढेच दिसते, की मासेमाऱ्याला दाद मागायची झाली तेव्हा त्याला पक्ष्यांच्या नावाने मागावी लागली. स्वतःच्या पोटाच्या नावाने उघडेल असे दार त्याला सापडले नसावे. ते का सापडत नाही, हा कायद्याचा प्रश्न आहे खरा. पण तो काही अंशी वाङ्मयाचाही आहे, कारण कोणाचे नुकसान हे ‘नुकसान’ म्हणून ओळखायचे, हे समाज कायद्याच्या पुस्तकाआधी गोष्टीच्या पुस्तकातून शिकतो.

स्वच्छ विजेची ही कहाणी आपल्याकडे नवी नाही. तिला शंभर वर्षे होऊन गेली. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस अडवून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवावी, या हेतूने टाटांच्या कंपनीने मुळशी पेट्यात धरण बांधायला घेतले. धबधब्याच्या विजेला युरोपात त्या काळी ‘पांढरा कोळसा’ असे कौतुकाने म्हणत असत. धूर नाही, राख नाही. आजच्या भाषेत बोलायचे तर ती हरित ऊर्जाच. त्या पांढऱ्या कोळशाविरुद्ध १९२१ साली मावळच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह मांडला. पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी होते आणि याच लढ्याने त्यांना ‘सेनापती’ ही पदवी दिली. ‘जान किंवा जमीन’ ही त्या सत्याग्रहाची घोषणा. धरण व्हायचे ते झालेच.

परंतु या इतिहासात एक बोचरी गोष्ट आहे, आणि राजेंद्र व्होरा यांनी मुळशी सत्याग्रहावरील आपल्या ग्रंथात ती नीट उलगडून दाखविली आहे. मावळातल्या पुष्कळ जमिनी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या झालेल्या होत्या. मोबदल्याचा प्रश्न निघाला तेव्हा ज्याचे नाव कागदावर होते त्याचे बोलणे वजनदार ठरले, आणि जो पिढ्यान्‌पिढ्या भाताची खाचरे तुडवीत होता तो बाजूला उभा राहिला. म्हणजे ‘जमीन’ या एका शब्दात दोन माणसे दडलेली होती, एक मालक आणि एक कसणारा. लढ्याने दोघांना एकत्र आणले, मोबदल्याने पुन्हा वेगळे केले.

मराठी कादंबरीत धरणग्रस्तांचे जग सर्वांत विस्ताराने आले ते विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’त. ही कादंबरी १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि तिला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जांभळी हे तिच्यातले बुडणारे गाव आणि खैरमोडे गुरुजी हे त्या गावाच्या वतीने झगडणारे वृद्ध शिक्षक. शिक्षक असल्यामुळे गुरुजींवर माझा जीव अधिक आहे, हे कबूल केले पाहिजे. स्वतः प्रशासनात काम केलेल्या या लेखकाला कचेरीची नस सापडलेली आहे. नोटीस कशी निघते, यादी कशी बदलते, पुनर्वसनाची जमीन कागदावर कशी असते आणि प्रत्यक्षात कशी असते, हे तो अशा बारकाईने दाखवितो की वाचणाऱ्याला आपल्याच हातात खेटे घालून मळलेला अर्ज असल्यासारखे वाटते. ‘पुनर्वसन’ हा कोरडा सरकारी शब्द या कादंबरीने मराठी घराघरांत ओला केला. हे तिचे यश लहान नाही.

मात्र या यशातच तिची मर्यादाही आहे, आणि ती एका लेखकाची नसून आपल्या सगळ्या ग्रामीण कादंबरीची आहे. आपण अन्याय मोजतो तो जमिनीच्या मापाने. किती एकर गेली, बदल्यात किती मिळाली, मिळाली ती काळी की मुरमाड, यांवर आपले डोळे भरून येतात. जमीन हाच कथेचा कणा असतो. मग ज्याच्या नावावर गुंठाही नाही त्याचे काय? तो कादंबरीत येतो, नाही असे नाही. पाणक्या म्हणून येतो, सालगडी म्हणून येतो, होडीवाला म्हणून येतो. गाव बुडते त्या प्रसंगी गर्दीत उभाही असतो. त्याचे स्वतःचे काय बुडाले, हे मात्र आपण सहसा विचारीत नाही. तलाठ्याच्या दप्तरात जो नाही, तो आमच्या कथानकातही कडेला राहतो. दप्तर आणि कादंबरी यांनी एकाच मापाने माणसे मोजावीत, ही आम्हा लेखकांना खाली पाहायला लावणारी गोष्ट आहे.

दुसऱ्याचे दोष काढण्यापूर्वी आपल्या घरचे काढावेत. माझ्या एका कादंबरीत धरणात गेलेले गाव आहे. तिच्यात एक भोई आहे. तो नायकाला पुरातून पैलतीरी पोहोचवितो आणि पुढच्या पानापासून नाहीसा होतो. नदी अडवल्यावर त्या भोयाच्या होडीचे काय झाले, हा प्रश्न ती कादंबरी लिहिताना मला एकदाही पडला नाही. नायकाच्या चार एकरांसाठी मात्र मी पन्नास पाने खर्ची घातली होती.

याच्या उलट वाटेने गेलेली एक कादंबरी आपल्याजवळ आहे, आणि ती आमच्या मराठवाड्याचीच आहे. रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ १९७१ साली प्रसिद्ध झाली. बोराडे सर २०२५ च्या फेब्रुवारीत आपल्यातून गेले. त्यांच्या या कादंबरीविषयी भाषेच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले आहे. मराठवाडी बोलीत आरंभापासून अखेरपर्यंत केलेले निवेदन, ही तिची ख्याती. परंतु माझ्या मते तिचे मोठेपण आणखी एका गोष्टीत आहे. तिचा गंगाराम शेतकरी नाही, तो शिंपी आहे. त्याच्याजवळ आहे ते हातातले काम आणि ते काम देणारे गाव. गावाची रीत बदलू लागते तेव्हा त्याची एक इंचही जमीन जात नाही. सरकारची नोटीस त्याला येत नाही. कोठल्याही यादीत त्याचे नाव चढत नाही. तरीही त्याच्या संसाराचा पाचोळा होतो.

आणि हे सांगते कोण? त्याची बायको पारबती. हा निवेदनाचा केवळ चमत्कार नव्हे. धंदा बसला ही बातमी पुरुषाला दुकानात कळते, बाईला ती चुलीपाशी कळते. दुकानाच्या हिशेबात जे ‘गिऱ्हाईक कमी’ असते ते घरात पीठ कमी, बोलणे कमी आणि माणसामाणसांतला जिव्हाळा कमी, अशा रूपाने उतरते. बोराड्यांनी कामाचा नाश घरातून दाखविला, आणि म्हणूनच तो आकड्यांत मावत नाही. ‘झाडाझडती’ वाचून आपण जमिनीच्या न्यायाचा विचार करू लागतो. कामाच्या न्यायाचा धडा मात्र ‘पाचोळ्या’त आहे, आणि तो आपण अजून नीट गिरविलेला नाही.

पुढे दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, लक्ष्मण मानेंचे ‘उपरा’ १९८० साली आले, आणि जमिनीवाचून जगणारी माणसे स्वतःच्या तोंडाने बोलू लागली. ‘बलुतं’ हे नावच मुळी कामाच्या मोबदल्याचे आहे. ही आत्मकथने आपण जातीच्या अन्यायाची कहाणी म्हणून वाचली, आणि ती तशी आहेतच. त्यांतली कामाची कहाणीही वेगळी काढून वाचली पाहिजे. कैकाड्याची टोपली, शिंप्याची कात्री, भोयाची होडी ही सारी एकाच घरातली भावंडे आहेत. ती मोडतात तेव्हा पंचनामा होत नाही.

गमतीची गोष्ट अशी, की कायद्याने हे आपल्या समीक्षेपेक्षा लवकर ओळखले. १८९४ चा जुना भूसंपादन कायदा जाऊन २०१३ साली नवा आला. त्यात ‘बाधित कुटुंब’ कोणाला म्हणावे याची व्याख्या आहे. जमिनीच्या मालकाबरोबर शेतमजूर, कूळ, बटाईदार आणि कारागीर हेही तिच्यात आले. एवढेच नव्हे, तर ज्यांचे पोट पाण्यावर अवलंबून आहे असे मासेमारी करणारे आणि नावाडीही आले. १९७१ साली बोराड्यांनी जे एका शिंप्याच्या घरातून सांगितले, ते बेचाळीस वर्षांनी संसदेच्या कायद्यात उतरले, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

पण कायद्याचा उंबरठा येथेच आड येतो. ही व्याख्या लागू होते ती जमीन संपादन केली जाते तेव्हा. नाथसागराच्या पाण्यावर प्लेटा तरंगवायच्या तर जमीन घ्यावी लागत नाही. ती पन्नास वर्षांपूर्वीच घेऊन झाली, आता तिच्यावर सरकारचेच पाणी आहे. संपादन नाही, म्हणून बाधित नाही. पाण्याला सातबारा नसतो, मग पाण्यावर जगणाऱ्याला तो कोठून असणार? ज्या गुणासाठी तरंगत्या प्रकल्पाचे कौतुक होते, की तो कोणाचीही जमीन घेत नाही, त्याच गुणामुळे जाळे टाकणारा हिशेबाबाहेर पडतो.

येथे कोणी विचारील, की मास्तर, तुम्हाला मग कोळसाच हवा का? मुळीच नाही. कोळशाचे प्रताप मराठवाड्याला कोणी शिकवायला नको. कोळशाची वीज पाणीही पिते. २०१५ च्या दुष्काळात परळीचे औष्णिक केंद्र पाण्यावाचून बंद ठेवावे लागले, हे आपण पाहिले आहे. तापलेल्या हवेचा मार आधी कोरडवाहू शेतकऱ्याला आणि उघड्यावर राबणाऱ्यालाच बसतो. तेव्हा सूर्याकडे वळणे अगत्याचे आहे, आणि लवकर वळले तर बरे. माझे म्हणणे एवढेच, की स्वच्छ असणे हा विजेचा गुण झाला, न्याय हा माणसांच्या व्यवहाराचा. एक असला की दुसरा आपोआप येतो, ही समजूत मुळशीने शंभर वर्षांपूर्वीच खोटी पाडली आहे. जगालाही याची जाणीव झालेली आहे. २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत, हा पालट घडविताना कामगारांना न्याय मिळाला पाहिजे, असे नमूद केलेले आहे. मात्र तेथेही शब्द आहे कामगार. पगारपत्रकावर नाव नसलेला नावाडी त्या शब्दात कितपत बसेल, याची मला शंका वाटते.

पाण्यावरून जरा जमिनीवर येऊ. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी हा हेतू आहे. रात्री बॅटरी घेऊन, विंचूकाट्यातून मोटार सुरू करायला जाणाऱ्या माणसाला त्याचे मोल विचारा. २०२३ साली आलेल्या तिच्या दुसऱ्या टप्प्यात जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये देण्याचे ठरले. कोरडवाहू शेतकऱ्याला हे पैसे आधाराचे आहेत. पण भाडे मिळते मालकाला. त्या रानात खुरपायला जाणाऱ्या बाईचा रोज त्या करारात कोठे आहे? सरकारी गायरानावर प्रकल्प आला तर तेथे शेळ्या चारणाऱ्या भूमिहीनाचे भाडे कोणाकडे मागायचे? मुळशीतला मालक आणि कसणारा यांचा जुना पेच येथे नव्या कपड्यांत उभा आहे.

हे सारे सरकारने पाहावे, वाङ्मयाने यात का पडावे, असा आक्षेप येईल. कादंबरी म्हणजे गाऱ्हाण्यांची वही नव्हे, हे मलाही मान्य आहे. प्रचाराने कलाकृती मरते, हे तर आपण मराठीत अनेकदा पाहिले. परंतु ‘पाचोळा’ कोणाचा प्रचार करते? तिने केवळ एका घरात शिरून, तेथला एक धंदा बुडताना, तेथल्या बाईच्या डोळ्यांनी पाहिला. लेखकाने इतके पाहिले तरी पुरे. पुढचे काम वाचकाच्या मनात आपोआप होते. आज जे तरुण लेखक गावाविषयी लिहीत आहेत, त्यांच्यापुढे सूर्य आणि वारा यांचे नवे युग उलगडते आहे. त्यांनी ते ‘झाडाझडती’च्याच सरावाने लिहिले तर त्यांना फक्त भाडेपट्टा करणारा शेतकरी दिसेल. कुंपणाबाहेर राहिलेली गुराखीण आणि काठावर उलटी घातलेली होडी दिसायची, तर त्यांना ‘पाचोळ्या’च्या शाळेत बसावे लागेल.

वाचकांनाही एक विनंती आहे. फराळाची धांदल ओसरली की भाऊबीजेनंतरच्या एखाद्या निवांत दुपारी ‘पाचोळा’ घरात मोठ्याने वाचावी. बोलीतली पुस्तके मोठ्याने वाचण्यासाठीच असतात. घरात कोणी शिवणकाम करणारे असेल, कोणाचा बुडालेला धंदा आठवणारे आजोबा असतील, तर त्यांच्याजवळ बसून वाचावी. दारात विजेच्या माळा लुकलुकत असतील. त्या कोणत्या विजेवर जळतात हे विचारण्याची सवय आपल्याला आता लागली आहे, ती चांगलीच आहे. त्या विजेसाठी कोणाचे काम गेले, हे विचारण्याची सवय अजून लागायची आहे.

ती मुलगी आता आठवीत गेली. सुट्टी संपून शाळा उघडली, की तिचा तो जुना पेपर कपाटातून शोधून काढणार आहे. मामाने जाळे कोठे टाकायचे, या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ आजही नाही. समासातला तो एक शब्द मात्र मला खोडता येईल, आणि कापलेला अर्धा गुणही परत देता येईल.